उकंडरावांचं चाटण

मलकापूर, १४ नोव्हेंबर १९३५

आज मोठ्या थाटात बिऱ्हाड हललं! वसतिगृहातून पेटी, वळकटी आणि दिवाळीहून येताना आईनं बांधून दिलेला अनारशांचा डबा घेऊन मी बैलांच्या दमणीतून उकंडरावांच्या घरी आलो. माझ्या वर्गातला जब्बार दमणीमागून चालत होता आणि राणीसरकार सासरी निघाल्या म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत होता. बाजारात कापसाच्या गाड्यांची एवढी रांग, की निम्म्या मलकापुरानं ते ऐकलं असेल.

उत्तमराव मास्तरांची आज्ञा आहे, की नाट्यपरीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकानं तयारीची रोजनिशी ठेवावी. म्हणून ही वही. शेवटच्या वर्गासाठी ही परीक्षा आमच्या शाळेनं यंदाच काढली आहे. फेब्रुवारीत नागपूरहून परीक्षक येणार, आम्ही त्यांच्यासमोर एकेक प्रवेश करून दाखवायचा. जो पहिला येईल त्याच्या अमरावतीच्या कॉलेजची आणि राहण्याजेवणाची सगळी सोय इथले एक कापसाचे जिनवाले शेठजी करणार आहेत. बाबांनी मला साफ सांगितलं आहे, की मॅट्रिक झालं की जानेफळला यायचं आणि थोरल्या भावाच्या हाताखाली शेती बघायची. शेतीला माझी ना नाही, पण मला अमरावती पाहायची आहे. फार पाहायची आहे.

प्रवेश मास्तरांनीच लिहिला आहे. वेढा पडलेला किल्ला, पाणी संपलेलं. किल्लेदार शेवटची वाटी राणीला आणून देतो आणि राणी ती परत करते. राणी मी, किल्लेदार जब्बार. गुण मात्र दोघांना वेगवेगळे. मास्तर म्हणतात, इंद्रभान, तुझा चेहरा चांगला, पाठांतर चांगलं, पण आवाज फाटका. उकंडरावांनी एके काळी फिरत्या नाटक कंपनीत राण्यांची कामं केली आहेत. त्यांच्याकडे तीन महिने राहिलास तर आवाज तयार होईल, असं मास्तरांनीच ठरवून दिलं.

खोली स्वच्छ आहे, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. मी फार खूश आहे.

१७ नोव्हेंबर

उकंडराव सत्तरीच्या आसपासचे. गोरेपान, केस मानेपर्यंत, बोटं बायकांसारखी निमुळती. चालतात तेव्हा अजूनही अंगावर पैठणी असल्यासारखे चालतात. मी त्यांना आबा म्हणतो. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र पार गेला आहे. कुजबुजल्यासारखं बोलतात, कान द्यावा लागतो. कान देणं सोपं नाही. त्यांच्या तोंडाला भिजत पडलेल्या सरकीसारखा वास येतो आणि खालचा ओठ सारखा ओला असतो. तो टिपायला एक फडकं कायम हातात. जेवताना मी त्या फडक्याकडे बघत नाही.

पण शिकवतात काय! राणीनं वळायचं ते आधी मानेनं नाही, पाठीनं. पाणी नाकारताना वाटीकडे बघायचं नाही, बघितलं की तहान दिसते आणि मग नकार खोटा वाटतो. असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी घशासाठी चाटण देतात. चिनी मातीच्या बरणीतून बोटभर काढून माझ्या तळहातावर ठेवतात. ज्येष्ठमध आणि मध असावा. जरा बुळबुळीत लागतं, पण गोड आहे.

२६ नोव्हेंबर

आवाज बदलतो आहे! आज तालमीत राणीचं पहिलं वाक्य म्हटलं, ‘पाणी मला नको, तटावरच्या माणसांना द्या,’ आणि सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. मास्तरांनी पुन्हा म्हणायला लावलं. जब्बार नंतर म्हणाला, “काऊन बे, कोण्या बाईले गिळलं काय तू?”

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील रहेमतुल्लाचाचा पिंजारी आहेत. अंगणात कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार चालू होता आणि हवेत कापूस असा, की समोरचं माणूस धुक्यातलं वाटावं. चाचा काम थांबवून खोकले, खूप वेळ खोकले, आणि कोपऱ्यात थुंकले. पाहायला नको होतं, पण मी पाहिलं. थुंकीत कापूस होता. जब्बारनं माझी नजर पाहिली आणि मला बाहेर घेऊन आला. परीक्षा त्यालाही हवी आहे, हे त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं. त्याला उभा जन्म पिंजायचं नाही.

५ डिसेंबर

गोजरबाई, म्हणजे उकंडरावांची बायको, मला भाकरी वाढते पण बोलत नाही. एक गोष्ट लक्षात आली. तिची भांडी वेगळ्या फळीवर आहेत. तांब्या वेगळा, ताट वेगळं. आबांचं ताट ती राखेनं घासते आणि मग स्वतःचे हात पुन्हा घासते. मी सहज विचारलं, तर म्हणाली, लग्न झाल्यापासून त्यांच्या ताटाशेजारी तिनं ताट मांडलेलं नाही.

मग तिनंच हळूच विचारलं, “चाटण खातं काय रे तू?”

मी हो म्हटलं. तिनं माझ्या पानातली अर्धी भाकरी काढून कुत्र्याला टाकली आणि आत निघून गेली. विचित्र बाई आहे.

१२ डिसेंबर

शाळा आज दुपारीच सुटली. मी मागच्या दारानं आलो.

उकंडराव मागच्या पडवीत पाटावर बसले होते. मांडीवर तीच बरणी. मान खाली घालून काहीतरी चघळत होते. मग त्यांनी ओठ बरणीच्या तोंडाशी नेला आणि सोडलं. थुंकले असं म्हणता येणार नाही. थुंकायला जोर लागतो. ते आपसूक आलं, पिवळट, जाड, आणि लांबतच गेलं. तुटेना. त्यांनी ते बोटानं तोडलं, तेच बोट बरणीत घालून वरचा मध कालवला, मग बोट चाटून स्वच्छ केलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मी लिंबाखाली ओकलो. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिलो. इतके दिवस, रोज सकाळी, अनशापोटी. आणि मी तळहात चाटत होतो. शेवटचा कणसुद्धा चाटत होतो.

ते माझ्यामागं येऊन उभे राहिले. रागावले नाहीत की लाजले नाहीत. कुजबुजत म्हणाले, “आवाज काय वाऱ्यावर येते काय बापू? तो थुंकीत रायते. माह्या गुरूनं मले असाच चारला, त्याच्या गुरूनं त्याले.”

मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं नाहीत.

“आता समजलं ना? बरं झालं. आता खाशीन तं समजून खाशीन.”

१५ डिसेंबर

वसतिगृहात परत जायचं म्हणून गेलो होतो. माझी जागा दुसऱ्याला दिली आहे. मास्तरांना खरं कारण सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आलं नाही. कसं सांगणार? काय खाल्लं म्हणून सांगू? नुसतं म्हणालो, आबांचं शिकवणं कठीण आहे. ते हसले. म्हणाले, सोपं असतं तर तुला तिथं धाडलं नसतं.

चाटण बंद केलं आहे. जीभ कडुलिंबाच्या काडीनं खरवडतो. रक्त येईपर्यंत खरवडली. गोजरबाईला म्हटलं, आधी स्पष्ट का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “सांगतलं असतं तं आयकलं असतं काय तू? तुले परीक्षा पायजे.”

२१ डिसेंबर

आज हेडमास्तरांसमोर तालीम झाली. माझा आवाज गेला. पूर्वीचा फाटकासुद्धा राहिला नाही. पहिल्या वाक्यालाच घोगरा होऊन फुटला आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. जब्बारनं मात्र किल्लेदार असा केला, की हेडमास्तर उठून त्याच्याजवळ गेले. उत्तमराव मास्तर जाताजाता म्हणाले, राणीसाठी दुसरा मुलगा पाहावा लागेल.

घरी आलो. आबा पडवीत नव्हते. बरणी फळीवर होती.

हे लिहिताना माझी मलाच किळस येते. मला कुणी धरलं नव्हतं. कुणी भरवलं नव्हतं. झाकण मी काढलं, बोट मी बुडवलं. घशाखाली उतरताना ते थोडं थबकलं, जागा पाहिल्यासारखं. नंतर खाली गेलं.

आणि मला बरं वाटलं.

३ जानेवारी १९३६

राणी माझीच राहिली. मास्तर म्हणतात, असा आवाज त्यांनी मुंबईच्या कंपन्यांतही ऐकला नाही.

टाळूवर काहीतरी आहे. जीभ वर नेली की लागतं. मऊ, ओलं, दुधावरच्या सायीसारखं. बोटानं काढायला गेलो तर मागं सरकलं.

तोंडात सारखं पाणी सुटतं. वर्गात सारखं गिळत बसतो. तंबाखू मी कधी खाल्ली नाही, पण दिवसभर दाढेखाली तंबाखूची चव असते. कधी त्याहून जुनी काही चव येते, कुणाच्या तरी दातांची, माझ्या नव्हे. भूगोलाच्या तासाला मास्तरांनी नाव पुकारलं, तेव्हा मी हजर म्हणायला गेलो आणि बाईच्या आवाजात म्हणालो, “पडदा टाका.” वर्ग हसला. मीही हसलो. मी ते म्हणणार नव्हतो.

१४ जानेवारी

संक्रांत. गोजरबाईनं तिळगूळ दिला. चावताना आत काहीतरी कच्चकन फुटलं. लाडू थुंकला. तिळाबरोबर पांढरे केस होते, लांब, बायकी, गुंतवळ होऊन आलेले. एक टोक अजून घशात होतं. ओढलं. येतच राहिलं. ओढताना पोटात खोल कुठंतरी हिसका बसत होता.

शेवटी तोडलं. उरलेलं आत गेलं.

बाकावर माझ्याशेजारी आता कुणी बसत नाही. नाकाला रुमाल लावतात. सरकीचा वास. मलाही येतो. माझ्यातून येतो.

फक्त जब्बार बसतो. तोंड दुसरीकडे करून, पण बसतो. म्हणतो, हकिमाकडे चल. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर.

२३ जानेवारी

स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. उकंडराव आणि गोजरबाई एका ताटात जेवत होते. ती त्यांना घास भरवत होती. त्यांचा ओठ कोरडा होता. फडकं कुठं दिसलं नाही. ते मोठ्यानं हसले, साध्या म्हाताऱ्या माणसाचं साधं हसणं. खणखणीत. ते बोलत होते, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं.

माझं ताट बाहेर ओट्यावर मांडलं होतं. राखेनं घासलेलं.

२४ जानेवारी

त्यांना धरून विचारलं. त्यांनी माझ्या तोंडासमोरून आपलं तोंड बाजूला केलं. त्यांना माझी घाण वाटली!

म्हणाले, “ते माह्यात व्हतं. आता तुह्यात हाय. तिले राणीचं काम पायजे, नाटकवाल्याचं तोंड पायजे. माह्यावाल्या तोंडाले कोणी काम देत नव्हतं, मंग ती तशीच पडून राहे, सडत.”

ती कोण, विचारलं. त्यांना माहीत नाही. गुरूलाही माहीत नव्हतं.

बाहेर कशी काढायची?

“चारून दे कोणाले तरी. पण त्यानं मनानं खाल्लं पायजे. फसवून चारलं तं ती टिकत नाही. तू दोन्ही डाव खाल्लं ना? पहिलं तं वायाच गेलं. दुसऱ्या डावानं ती आली.”

मनानं. हो. मनानंच.

१ फेब्रुवारी

जेवण जात नाही. पाणीही ती नको म्हणते. दात हलतात. जिभेच्या खाली दुसरं टोक आहे. मी बोलत नसतो तेव्हा ते हलतं. तालमीत नसलेली भाषणं करतं, जुनी, ओव्यांसारखी. तोंड मिटून घेतलं तरी ओठांच्या आत चालूच—

परवा परीक्षा. झाली की जानेफळला जाईन. आईला सांगेन. नाही, आईजवळ तोंड कसं नेऊ?

३ फेब्रुवारी

परीक्षा झाली. मी पहिला.

राणीचं भाषण मी केलं नाही. मी फक्त उभा होतो. तिनं केलं. सभागृह रडलं. परीक्षक उभे राहिले. मास्तरांचे डोळे भरले होते.

मग जब्बार वाटी घेऊन आला. किल्लेदारानं गुडघ्यावर बसून वाटी वर धरायची आणि राणीकडे पाहायचं, असं बसवलं होतं. तो खालून पाहत होता. सभागृहात कुणाला दिसलं नाही ते त्याला दिसलं. वर, माझ्या टाळूवर. मी ‘पाणी मला नको’ म्हणताना माझ्या ओठातून एक तार सुटली, पिवळी, आणि लांबत लांबत त्याच्या वाटीत उतरली.

त्याच्या हातून वाटी पडली. पुढचं वाक्य त्याला आठवलं नाही. तोंड उघडं, आवाज नाही. पोरं हसली. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

त्याचा पार्ट मी खाल्ला. माझ्या पार्टाबरोबर तोही.

४ फेब्रुवारी

परीक्षक उद्या दुपारच्या गाडीनं जाणार. मास्तरांनी हातापाया पडून कबूल करून घेतलं, सकाळी जब्बारला पुन्हा ऐकतील. बरा वाटला तर शेठजी दोघांची सोय करतील.

पण जब्बारचा आवाज परतला नाही. कालपासून घसा बंद. भीतीनं. मी त्याच्याकडे गेलो नाही. जायला हवं होतं—जाता येत नाही. त्याचं नाव मनात आलं तरी तोंडाला पाणी सुटतं.

बरणी विहिरीमागं नेऊन ओतली. माती लोटली. बरणी घासली, राखेनं, पुन्हा राखेनं.

उद्या पहाटेच निघतो. कुणालाही न भेटता.

५ फेब्रुवारी, सकाळ

पाय उचलत नाहीत. तिला जायचं नाही. वळकटी बांधलेली, मी भिंतीशी बसून—

जब्बार आला आहे. दारात. आवाज नुसता फाटलेला, पिंजलेला. म्हणतो, “मी पाह्यलं ते पाह्यलं. तुह्या तोंडात काय हाय ते मले माईत हाय. तरी बी मले दे. मले बापासारखं कापूस थुंकत मरायचं नाही, इंद्रभान.”

मान हलवली. नाही. हातानं खूण केली, जा. तोंड घट्ट मिटलं आहे, डाव्या हातानं दाबलं आहे, उजव्यानं हे लिहितो. ही वही त्याला दाखवीन. वाचेल तर—

तो आत आला. फळीवरची बरणी पाहिली. रिकामी. आता माझ्याकडे बघतो आहे. तोंडाकडे.

भरून आलं. गिळलं. परत वर आलं. बोटांतून गळतं—

जब्बार जा. जा रे—

म्हणतो, वाटीत नाही तर हातावर दे. मी म्हणालो किळस नाही का—नाही, मी नाही, मी बोललो नाही, ती बोलली, ये म्हणाली, गोड, आईसारखं गोड, ये बाळा—

हात ओठांवरून सुटला. माझाच हात, मी सोडला नाही, मी—

त्यानं ओंजळ पुढं केली. त्याला घाण वाटते, दिसतं मला, डोळ्यांत पाणी आहे, आणि तरी तो—

थेंब वहीवर पडतात. अक्षर पुस—

जब्बार हे वाच, आधी हे वा—

त्यानं डोळे मिटले. तोंड उघ